जहाज आतून, सहली बाहेरून

कुठलीही वस्तू जिथं मिळते तिथं ती कधीच घ्यायची नाही, असा आमच्या घरमालकांचा नियम होता. थिएटरातला सामोसा थिएटरात घ्यायचा नाही. दवाखान्यातलं औषध दवाखान्यात घ्यायचं नाही. देवळाशेजारच्या टपरीवरचा नारळ तर नाहीच नाही. टपरी देवळाला चिकटलेली, म्हणजे ती आतलीच. नारळ घराजवळच्या किराणा दुकानातून आणायचा, पिशवीत झाकून, आणि टपरीवाल्याकडे न बघता थेट गाभारा गाठायचा. "आतलं घ्यायचं न्हाई," काका सांगायचे. "आतला माणूस लुटतोय. बाहेरनं घ्यायचं."

गल्लीतल्या एका लग्नात मंगल कार्यालयाचं पाणी नाकारून त्यांनी बाहेरून थंड पाण्याचे जार मागवले होते. मुलगी सासरी निघाली तेव्हा जार दारात पोचले. पाहुणे तोवर शेजारच्या घरांतून तांबे भरून आणत होते. काका मात्र समाधानी होते. जार चांगले गार होते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

सोलापुरात विजापूर रोडला त्यांचं दुमजली घर. खाली काका-काकू, वर भाड्यानं आम्ही दोघं. मी शाळेत शिकवते, आमचे हे बँकेत. काका मूळचे करमाळ्याकडचे, एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. खात्याचं नाव सांगत नाही. ते खातं अजून आहे आणि माझं एक काम तिथं अडकलेलं आहे. काका तिथं खिडकीत बसायचे. "सगळी नोकरी मी आतच काढली," असं ते अभिमानानं म्हणायचे, आणि लगेच आवाज उतरवून, "म्हणून तर सांगतोय की, आत जाऊ नका."

काकू वळसंगच्या. त्यांच्या माहेरी कानडी. रोजचा व्यवहार त्या मराठीत करायच्या आणि वैतागल्या की कानडीत जायच्या. काकांच्या संसारात त्यामुळे त्यांचं कानडी फार चांगलं टिकून राहिलं होतं. काका बोलायला लागले की त्या मान डोलवायच्या, ते संपेपर्यंत थांबायच्या, आणि मग "साकू" म्हणायच्या. पुरे. बहुतेक वेळा त्यांचं संभाषणात एवढंच असायचं आणि तेवढं पुरायचं.

एका वर्षी त्यांच्या बंगळुरूच्या मुलानं आईवडिलांना क्रूझचं तिकीट काढून दिलं. सिंगापूरहून निघायचं, मलेशिया आणि थायलंडला एकेक दिवस थांबायचं आणि परत सिंगापूर.

"क्रूझ म्हंजे?" काकूंनी विचारलं.

"मोठं जहाज. त्यात हॉटेल असतंय, जेवण असतंय, नाटकं असतात, सगळं असतंय."

"मग हॉटेलातच जाऊ की. पाण्यात कशाला?"

हा प्रश्न सबंध प्रकरणातला सगळ्यात शहाणा प्रश्न होता.

तिकीट मुलानं थेट जहाज कंपनीकडून काढलं होतं, म्हणजे आतून. हा घाव काकांना बसायचा तो बसला. पण त्यांना लवकरच एक आशेची जागा सापडली. जहाज बंदराला लागलं की प्रवासी उतरून गाव बघतात. ही गावफेरी जहाजवाले स्वतः विकतात, आणि इंटरनेटवरच्या परक्या कंपन्याही विकतात. जहाजवाल्यांची फेरी महाग. पण तिची बस रस्त्यात अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. बाहेरची फेरी स्वस्त. पण तिच्यातून उशिरा आलात तर जहाज हात हलवून निघून जातं. एवढा साधा हिशेब. काकांनी त्यातलं 'स्वस्त' आणि 'बाहेरची' हे दोन शब्द उचलले आणि बाकीचं वाक्य जहाजवाल्यांसाठी सोडून दिलं.

पुढचे काही महिने ते अंगणात खुर्ची टाकून मोबाईलमध्ये बसून असायचे. लोक पोथी वाचतात तसे ते परीक्षणं वाचायचे. मधेच मला जिन्यातून हाक यायची.

"पोरी, इकडं ये जरा. एका जर्मन बाईनं दोनच तारे दिलेत बघ. का, तर म्हणे व्हॅनमधी गरम झालं. तिला म्हणावं मे महिन्यात सोलापूरला ये, मग तारे मोज."

काकांनी शेवटी जी कंपनी निवडली तिच्या मोबाईलवरच्या मदतखिडकीत सोफिया नावाची कुणीतरी होती. काका तिच्याशी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. सुरुवात नेहमी विचारपूस करून. "काय गं सोफिया, जेवलीस का?" ती उत्तर द्यायची की मी आपल्या मदतीस सदैव तत्पर आहे. काका मला म्हणाले, "पोरगी कामाला चांगली आहे, पण जेवणाचं काय सांगत न्हाई."

"काका, ते मशीन आहे. माणूस नाही तिथं."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "असू दे की. आमच्या खात्यात तरी कुठं माणूस होतं?"

हळूहळू कीर्ती पसरली. ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कुणी होडीत बसलं नव्हतं असे लोक संध्याकाळी येऊन काकांना बंदरांची माहिती विचारू लागले. समुद्र काकांनी स्वतः एकदाच पाहिला होता, गणपतीपुळ्याला, तोही बाहेरूनच. पण कुठल्या बंदरावर कुठल्या कंपनीची व्हॅन घ्यावी हे ते डोळे मिटून सांगत. मी सांगोल्याची. समुद्राविषयी माझंही ज्ञान तेवढंच होतं, फक्त मी ते कुणाला वाटत नव्हते.

आता आमचं त्या जहाजावर काय काम, तर तेही या व्हॅनमुळंच. बाहेरची व्हॅन चौघांची असते. दोघांनी चौघांची व्हॅन घ्यायची या कल्पनेनं काकांना रात्रीची झोप लागेना. मग एका सकाळी ते जिना चढून वर आले, चहा घेतला, आणि ह्यांना म्हणाले, "साहेब, तुम्हाला एलटीसी असेल की." ह्यांना ते साहेब म्हणत. बँकेतला माणूस आतला, म्हणून त्यात आदर कमी आणि संशय जास्त असायचा. दिवाळीची सुट्टी, ह्यांची एलटीसी म्हणजे बँकेकडून मिळणारा प्रवासखर्च, आणि काकांची चिकाटी, एवढ्यावर आमची परदेशवारी ठरली. लोक फिरायला जातात ते देश बघून. आम्ही गेलो ते एका गाडीतल्या दोन रिकाम्या सीट बघून.

जहाजावर पाऊल ठेवल्या ठेवल्या पासपोर्ट काढून घेतले. तिकडचा रिवाजच तो. प्रवास संपताना परत देतात. काकांनी ते मनाला लावून घेतलं. "बघितलंस? आत शिरलो न्हाई तोवर काढून घेतलं." काकूंना जहाज हललं की मळमळायचं आणि थांबलं की भूक लागायची, पण त्यांनी सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली होती, त्यामुळे दोन्ही वेळा त्यांचा इलाज तयार होता. त्यांना साखरेचा आजार. इन्सुलिनची इंजेक्शनं त्यांनी केबिनमधल्या छोट्या फ्रीजमध्ये ठेवली आणि फ्रीजला दोनदा हात लावून बघितला, की गार आहे ना.

काका दुसऱ्या दिवशी दिसेनात. शोधता शोधता ते जहाजाच्या सहल-विक्रीच्या टेबलाजवळ सापडले. रांगेत उभ्या असलेल्या एका गुजराती कुटुंबाला ते हिंदीत समजावत होते, "इधर से मत लो, सब लूट है. मैं आप को बाहर का नंबर देता हूँ." टेबलामागची मुलगी आधी हसत होती. मग हसणं थांबलं, आणि मग एक उंच माणूस आला आणि अतिशय नम्रपणे काकांना कोपरापाशी धरून दुसरीकडे घेऊन गेला. "आपलं म्हणणं त्यांना पटायलंय," काकांनी मला सांगितलं.

मलेशियाचं बंदर आलं आणि गेलं. वारा फार होता म्हणून कप्तानानं तिथं थांबायचं रद्द केलं. ज्यांनी आतून सहल घेतली होती त्यांचे पैसे त्याच दुपारी त्यांच्या खात्यात परत जमा झाले. आमची व्हॅन मात्र धक्क्यावर इमानेइतबारे उभी होती. तिच्या ड्रायव्हरनं काकांच्या नावाची पाटी हातात धरून स्वतःचा फोटो पाठवला. काकांनी डेकवरून त्या गावाचा फोटो काढून त्याला पाठवला. दोघांनी एकमेकांना अंगठे पाठवले. मग काकांनी सोफियाला लिहिलं, की जहाज थांबेना, पैसे परत कर. सोफियानं कळवलं की रद्द करायचं तर एक दिवस आधी सांगायला हवं होतं, आणि आणखी काही मदत हवी आहे का.

"साकू," काकू म्हणाल्या. त्या फक्त वाऱ्याला म्हणाल्या असतील, पण काका आत निघून गेले.

थायलंडला मात्र सगळं जमून आलं. जहाज किनाऱ्यापासून लांब पाण्यात उभं राहिलं आणि लहान होड्यांनी आम्हाला फुकेतच्या धक्क्यावर आणून सोडलं. उतरण्याआधी स्पीकरवर इंग्रजीत काहीतरी सूचना चालली होती. मी काकूंना पायऱ्यांवरून उतरवत होते, हे पाण्याच्या बाटल्या भरत होते, आणि काकांच्या मते स्पीकरवरच्या सूचना आतली सहल घेणाऱ्यांसाठी असतात.

धक्क्यावर पाटी होती. काकांचं आडनाव त्यावर असं लिहिलं होतं की ते कुठल्याही देशातल्या कुठल्याही माणसाचं असू शकलं असतं. पण काकांना ते लांबून ओळखू आलं आणि त्यांची छाती भरून आली. पाटी धरली होती एका बुटक्या, चाळिशीच्या बाईनं. डोक्यावर कापडी टोपी, हातात मोजे, आणि व्हॅन अशी धुतलेली की काकूंनी सवयीनं चपला बाहेर काढल्या. त्या बाईनं त्या उचलून हसत हसत आत ठेवल्या.

इंग्रजी तिला जेमतेम यायचं. काकूंना अजिबात नाही. तासाभरात दोघी गप्पा मारत होत्या. मोठ्या पांढऱ्या बुद्धाच्या टेकडीवर काकूंनी तिला शेंगाची चटणी चाखायला दिली. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. तिनं बोटानं चाटली, क्षणभर विचार केला आणि पुन्हा हात पुढे केला. "हिला आपलं तिखट झेपतंय," काकू म्हणाल्या, आणि त्या क्षणी ती बाई वळसंगची झाली. तिनं मग रस्त्याकडेच्या गाडीवरून कैऱ्या घेतल्या आणि तिखटमीठ लावून काकूंच्या हातात दिल्या. काका पुढच्या सीटवर बसून आम्हाला मागे वळून वळून विचारत होते, "आतल्या बसमधी हे मिळालं असतं का? सांगा की." खरं सांगायचं तर नसतं मिळालं. पण हे मी तेव्हा बोलले नाही; त्यांना आधीच फार उकळ्या फुटत होत्या.

दुपारी त्यांना आणखी एक ठिकाण बघायचं होतं. बाईनं मान हलवली आणि मोबाईल पुढे केला. बुकिंगच्या वेळी काकांनी भरलेला मजकूर त्यावर होता. चार वाजता जहाजावर परत. "यू राइट फोर," ती म्हणाली. "आय गो अर्ली. अर्ली गुड." आणि तिनं गाडी वळवली. साडेतीनला आम्ही धक्क्यावर होतो. काकांनी तिच्याकडे बघून अंगठा वर केला.

जहाज होतं, पण पाठमोरं.

आम्ही चौघं रांगेत उभे राहून ते लहान होताना बघत होतो. धक्क्यावरचा एक माणूस धावत आला आणि मनगटावर बोट आपटून सांगू लागला, "शिप टाइम, सर! शिप टाइम!"

"व्हॉट शिप टाइम?" काका म्हणाले. "टाइम इज टाइम."

तर तसं नव्हतं. जहाज सिंगापूरच्या वेळेवर चालत होतं आणि थायलंडची वेळ त्याच्या एक तास मागे असते. जहाजाचे चार म्हणजे गावातले तीन. सकाळी स्पीकरवर तेच सांगत होते. किनाऱ्यावर आल्याबरोबर आमच्या मोबाईलनी गावाची वेळ धरली, ती बाई तर जन्मापासून त्याच वेळेवर चालत होती, आणि काकांनी बुकिंगमध्ये जहाजाची वेळ लिहून टाकली होती, ती कुणाची आहे हे न लिहिता.

आमचे हे शांत स्वभावाचे आहेत. बँकेत त्यांचं त्याबद्दल नाव आहे. तिथं धक्क्यावर ते जे बोलले ते मी त्याआधी ऐकलं नव्हतं. काकांना थेट काही सुनावता येत नव्हतं, वयाचा मान होता. मग ह्यांनी मोबाईल काढला आणि तिथंच उभं राहून कंपनीला सणसणीत तक्रार लिहिली. तुमच्या ड्रायव्हरनं उशिरा आणून सोडलं, आमचं जहाज सुटलं, जबाबदार कोण? लिहिताना ते मोठ्यानं वाचत होते. ती बाई टोपी हातात घेऊन बाजूला उभी होती. तिला मराठी येत नव्हतं, पण ती टोपीची कड एकसारखी बोटांत फिरवत होती.

तेवढ्यात बंदरातला एक एजंट आमची नावं विचारत आला. त्याच्या हातात पाकीट, पाकिटात आमचे चार पासपोर्ट. जहाजवाल्यांनी निघण्याआधी ते त्याच्याकडे ठेवले होते. काकांचा चेहरा पुन्हा उजळला.

"बघितलं का साहेब? शेवटी बाहेरचाच माणूस आला का न्हाई?"

हे उत्तर देणार होते. पण त्याआधी काकू बोलल्या. त्या एका दगडावर बसल्या होत्या, आणि अगदी हळू म्हणाल्या, "अहो, माझं इंजेक्शन तितं राहिलं."

काकांनी समुद्राकडे बघितलं, जणू तो फ्रीज अजून दिसत होता. मग ते वळले आणि त्या बाईकडे बघून स्वतःच्या दंडावर बोट टोचून दाखवू लागले. "शुगर," ते म्हणाले. "शुगर. माय वाइफ. शुगर."

तिची फेरी संपली होती. तिच्याविरुद्ध तक्रार तिच्या डोळ्यांदेखत गेली होती. ती तिथून निघून गेली असती तर तिला कुणी नावं ठेवली नसती. तिनं टोपी डोक्यावर घातली आणि व्हॅनचं दार उघडलं.

दवाखाना मोठा होता, चकचकीत. काकूंनी दाराशी चपला काढल्या आणि एका नर्सनं त्यांना खुर्चीत बसवून आत नेलं. काकांनी चपला उचलल्या आणि त्या हातात धरून काउंटरवर गेले. औषधाचा कागद आला तेव्हा हे म्हणाले, "काका, समोर बाहेर दुकान दिसतंय. तिथं स्वस्त असेल."

"हितनंच घ्या!" काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की काउंटरवरची मुलगी दचकली. "हितनंच घ्या म्हणतो ना. लगेच."

काकूंची साखर बरीच चढली होती, पण वेळेत आलो होतो. तासाभरानं त्या बाहेर आल्या तेव्हा काका बाकावर बसले होते आणि चपला त्यांच्या मांडीवर होत्या. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "खाली ठेवा की त्या. लोक बघायलेत."

त्या बाईच्या नणंदेचं समुद्राजवळ छोटं गेस्टहाउस होतं. तिनं आम्हाला तिथं सोडलं, भात आणि अंड्याचं काहीतरी रांधायला सांगितलं, काकूंच्या औषधाची वेळ नणंदेला समजावून दिली आणि मगच गेली. परतीचं विमान मिळेपर्यंत आम्ही तिथं राहिलो. काकांचा मोबाईल खिशात होता, पण त्यांनी तो काढला नाही. बुक करायला आता काही उरलंच नव्हतं. ते दिवसभर काकूंच्या शेजारी वाळूत बसायचे. काकूंना जहाजातून सुटल्याचा एवढा आनंद झाला होता की त्या दोन दिवसांत त्या दहा वर्षांनी लहान दिसू लागल्या. साडी गुडघ्यापर्यंत उचलून त्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं पाणी, आणि सगळं खारट. कुणाच्या उपयोगाचं न्हाई. देवाचं तरी कसं असतंय." काका म्हणाले, "व्हय." एवढंच. मला जरा काळजीच वाटली.

विमानानं सिंगापूर गाठलं, जहाजावरून उतरवलेलं सामान बंदरातून घेतलं आणि घरी आलो. आणि सोलापूरची हवा लागताच काका पूर्ववत झाले. जहाज सुटलेला माणूस म्हणून त्यांची किंमत चौपट झाली होती. संध्याकाळी अंगणात खुर्च्या कमी पडू लागल्या. ऐकणाऱ्यांना ते एकच वाक्य सांगत: "जहाजवाल्यांचं घड्याळच पुढं होतं." हे शब्दशः खरं होतं.

मग एका रविवारी ह्यांच्या तक्रारीला कंपनीचं उत्तर आलं. या वेळी सोफिया नव्हती, खराखुरा माणूस होता, कारण मजकुरात चुका होत्या. झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे. ड्रायव्हर उशिरा आली होती एवढं प्रवाशानं लेखी कळवलं, तर सहलीचे सगळे पैसे परत मिळतील, आणि ड्रायव्हरला कंपनीच्या कामावरून कायमचं काढण्यात येईल.

हे पायऱ्या उतरून धावतच खाली गेले. मीही मागोमाग. काका अंगणात शेंगा फोडत बसले होते. बुकिंग त्यांच्या नावावर, त्यामुळे कळवायचं त्यांनीच.

"काका, नुसतं हो म्हणून पाठवायचं. संपला विषय."

काकांनी चष्मा लावून मजकूर वाचला. पुन्हा वाचला. मला वाटलं ते आता सोफियाला मात दिल्याच्या थाटात गल्ली गोळा करणार. फुकटात पडलेली सहल, आणि तीही बाहेरची! त्यांच्या आयुष्याचं सार्थक व्हायला आणखी काय हवं होतं?

"पोरी," ते म्हणाले, "तुझं इंग्रजी बरं आहे. मी सांगतो तसं लिही. ड्रायव्हर वेळेच्या आधी आली. मी वेळ चुकीची भरली. चूक माझी."

"काका!" हे म्हणाले. "अहो, मी उशीर झाला म्हणून लिहून बसलोय. मी खोटा पडेन."

"पडा की. तुम्हाला कोण ओळखतंय तितं?"

"आणि पैसे?"

"तुम्ही बँकेत आहात. पैसे तुम्ही रोज बघता."

हे लाल झाले. मी मोबाईल हातात घेऊन दोघांकडे बघत होते. काकांनी एक शेंग फोडली, दाणे तळहातावर घेतले, पण तोंडात टाकले नाहीत.

"खिडकीत असताना," ते खाली बघत म्हणाले, "मी लई चुका केल्या. फाइल हरवायची, तारीख चुकायची. मग समोरच्याला सांगायचो, तुमचाच कागद कमी आहे, पुन्हा या. ती माणसं सांगोल्यापासनं यायची. मराठी यायचं त्यांना, तरी कोण भांडलं न्हाई. ह्या बाईला तर भांडायला भाषाबी न्हाई." मग एकदम माझ्यावर खेकसले, "लिहायलीस का बघायलीस?"

मी लिहिलं. खाली कंपनीनं चौकट दिली होती, आपल्या सहलीला किती तारे द्याल?

"पाच," काका म्हणाले. "आणि चटणीचं लिहू नको, कंपनीनं जेवणाचे पैसे लावले तर तिच्यावर."

आतून काकूंचा आवाज आला, "मी तिला चटणी पाठवायलीय. पत्ता विचारून घे गं तिचा."

मी पाठवायचं बटण दाबलं. हे जिना चढून वर गेले आणि दार जरा जोरात लागलं. काका उठले, धोतराला लागलेली टरफलं झटकली, आणि कोपऱ्यात जाऊन आमच्या पाण्याच्या टाकीची मोटर चालू केली. त्या दिवशी आमची पाळी नव्हती. त्या घरात आमच्या टाकीला पाणी किती मिनिटं सोडायचं हे काका ठरवत आणि त्याआधीच बंद करत. आता ते बटणाजवळ हात मागे बांधून उभे होते. टाकी भरली, तरी उभे. मग वरून पाणी वाहू लागलं, पत्र्यावर पडू लागलं, जिन्यावरून ओघळून अंगणात आलं. हे गच्चीवरून वाकून ओरडले, "काका, भरली! बंद करा!"

"वाहू दे की," काका म्हणाले.